परसवाड्याचा नमस्कार

टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरीला लागले त्याच आठवड्यात मला पहिल्यांदा संशय आला, तो एका नमस्काराचा!

तेव्हा नागपूरपलीकडच्या आमच्या बालाघाटात फोनला तबकडी नव्हती. घरातला माणूस रिसीव्हर उचलून मूठ फिरवायचा, की आमच्या बोर्डावर त्याच्या नंबरची छोटीशी झाकणी टपकन खाली पडायची. आम्ही तिथं कॉर्ड खोचायची, ‘नंबर प्लीज’ म्हणायचं आणि समोरचा सांगेल तिथं दुसरी कॉर्ड खोचून घंटी द्यायची. समोरचा नंबर कधीच सांगत नसे. तो म्हणायचा, “झोपलीस का?” किंवा “जल्दी लगाओ!” किंवा नुसतंच, “हं!” त्या ‘हं’वरून कोणाला कुठं जोडायचं ते आपण ओळखायचं.

तर परसवाड्याची झाकणी पडली. मी म्हटलं, “नंबर प्लीज.”

“नमस्कार ताई. परसवाडा पोस्टातून रंगारी बोलून राह्यलो. तब्येत बरी आहे ना तुमची?”

मी कॉर्ड उपटली.

शेजारच्या खुर्चीवर दुर्गाताई पाठक होत्या. आमच्यात सगळ्यात सीनियर. त्या दचकल्या. “काय गं, शॉक बसला?”

“नाही. तो माणूस नमस्कार म्हणाला.”

“मग?”

“मला म्हणाला!”

दुर्गाताईंनी विणकामाच्या सुईनं डोकं खाजवलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, “मग जपून राहा बाई. माझे इथं केस पांढरे झाले, अजून कोणी म्हटलेला नाही.”

असे किस्से आमच्याकडे आपणहून कानात येऊन बसतात. ऐकायचं नाही हा नियम, ऐकलेलं बोलायचं नाही हा दुसरा नियम. पण कानाला काही झाकणी नसते. मग साचत जातं, साचत जातं, आणि एखाद्या दिवशी मैत्रिणींसमोर असं सांडतं. त्यात मी घाबरट. नागपूरच्या कॉलेजातून बी.ए. होऊन आले, पण मागून कोणी हाक मारली तरी अजून उडते. घाबरट माणसाला किस्से जास्त दिसतात, हे मात्र खरं.

ते रंगारी म्हणजे परसवाड्याचे नवीन पोस्टबाबू. ती लाइन जंगलातून यायची. कधी तारेवर माकडं लोंबायची, कधी फांदी पडायची. म्हणून रोज सकाळी त्यांनी आम्हाला फोन करून लाइन जिवंत आहे का बघायचं, असं ठरलेलं. आधीचे बाबू नुसते खोकायचे. खोकला ऐकू आला की लाइन चालू! हे मात्र रोज नमस्कार करायचे, तब्येत विचारायचे आणि म्हणायचे, “त्रास दिला ताई, ठेवतो.”

आमचे सुपरवायझर तिवारीजी म्हणाले, “जरूर कुछ माँगेगा. आज नहीं तो कल.”

मी वाट बघत बसले. पावसाळा गेला, हिवाळा गेला. माणूस काही मागेचना! माझा संशय आणखी वाढला.

*

दुर्गाताईंचाही मला संशय होता, तोही सांगते.

ड्यूटी बदलताना हेडसेट एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर जायचा. मी काढून दिला की दुर्गाताई पर्समधून स्वच्छ पांढरा रुमाल काढायच्या, कानाच्या वाटीवर नीट गुंडाळायच्या आणि मगच लावायच्या. रोज. मी मेश्राम, त्या पाठक. त्यांच्या घरात आजोबांपासून सरकारी नोकऱ्या, आमच्या घरात मी पहिली. आणि मध्ये रुमाल!

घरी आईला सांगितलं. आईचा भाकरी थापणारा हात थांबला. “काहून?”

“काहून म्हणजे? तुले माहीत नाही काहून?”

बाबा आतून म्हणाले, “वर अर्ज कर. आपण दीक्षा घेतली ते रुमालाखाली राहाले नाही घेतली.”

अर्ज करायच्या आधी मी विचारायचं ठरवलं. तोंडात शब्द जुळवायलाच कितीतरी दिवस गेले. शेवटी एकदा हेडसेट हातात धरूनच ठेवला आणि म्हटलं, “दुर्गाताई, रुमाल कशाला?”

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मला जवळ ओढलं. “कोणाला बोलू नकोस हं. माझा कान वाहतो गं, लहानपणापासून. तुला लागला तर? उद्या बघायला आलेल्या लोकांना तू काय दोनदोनदा ‘काय म्हणालात’ विचारणार?”

मी हेडसेट त्यांच्यापुढे केला.

“तू काय समजली होतीस?”

“काही नाही.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हेडसेट लावून कामाला लागल्या. त्या दुपारी डबा उघडला तेव्हा त्यांनी न विचारता हात घालून माझ्या डब्यातलं वांगं उचललं आणि भाकरीचा तुकडाही मोडून घेतला. आईच्या हातचं वांगं, लाल तेलात पोहणारं! दुर्गाताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी खातच राहिल्या.

मला लगेच संशय. एवढं तिखट कोणी उगाच खात नाही!

*

गावातल्या एका मोठ्या साहेबांच्या बायकोला माझं नाव ‘एक्सचेंज’ आहे असं वाटायचं. “ए एक्सचेंज, क्लब लाव!” “ए एक्सचेंज, तो क्लब नको, साहेब तिथं आहेत!” दिवसातून किती वेळा, याला हिशेबच नव्हता.

एकदा संक्रांतीच्या आधी मी बाजारात मिरच्या घेत होते. “कशा दिल्या?” एवढंच म्हणाले. माझ्या पाठीमागे रेशमी पदराची एक बाई वांगी निवडत होती. माझा आवाज कानावर पडला मात्र, तिनं मान वर न करता हुकूम सोडला, “ए एक्सचेंज, घरचा लाव!”

मी गर्रकन वळले. ती वळली. आम्ही एकमेकींना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिच्या हातात वांगं, कानाजवळ धरलेलं!

भाजीवाली म्हणाली, “लावा ना बाई, किती येळची थांबली ते.”

तीळगुळाला मात्र तिनं मला घरी बोलावलं. सगळ्या बायकांना ओळख करून दिली. म्हणाली, “ही आमची एक्सचेंज.”

*

विचित्र बातम्या कुठून येतात, असं लोक विचारतात. मला माहीत आहे. माझ्या तोंडातून!

तिरोडीला एक हौशी वार्ताहर होते, पटले नावाचे. मँगनीजच्या खाणीवर कारकून, आणि फावल्या वेळात नागपूरच्या पेपरला बातम्या. ट्रंक कॉल लावायचे आणि फोनवरून बातमी सांगायचे. तिरोडीची लाइन बालाघाटहून पुढे जायची, आणि पलीकडे त्यांचा आवाज पोचत नसे. मग पटले मला सांगणार, मी नागपूरला ओरडून सांगणार. एका दुपारी मी अख्ख्या एक्सचेंजला हादरवत ओरडले, “तिरोडीजवळ... कोंबड्यानं... अंडं घातलं!”

नागपूरहून विचारणा झाली, “कोंबडीनं?”

मी पटलेंना विचारलं. ते चिडले. “कोंबडीनं घातलं तर त्याले बातमी कोण म्हणते?”

मी पुन्हा ओरडले, “कोंबड्यानं! तुऱ्यासकट!”

तिसऱ्या दिवशीच्या पेपरात चौकट आली. बाबांनी पेपर माझ्यापुढे धरला. “वाच. कलियुग म्हणत नव्हतो मी?”

“बाबा, हे मीच ओरडून सांगितलं! माझा त्यातल्या एका अक्षरावर विश्वास नाही.”

“तू सांगितलं तवा नसंल खरं. आता पेपरात आलं.”

चार-आठ दिवसांत तिरोडीहून एका म्हाताऱ्याचा फोन. तोच कोंबडावाला. काकुळतीला आलेला. “बाई, त्या पेपरवाल्याले सांगा ना, लोकं बैलगाड्या जोडून येऊन राह्यले! नारळ घेऊन येऊन राह्यले! मी काय दाखवू त्यायले? त्या कोंबड्याचा तर मागच्या रविवारीच रस्सा झाला!”

“आणि अंडं?” मी विचारलं.

“कोणतं अंडं?”

संध्याकाळी मी विजयी मुद्रेनं बाबांना हे सगळं सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “बरोबर. पुरावा खाऊन टाकला.”

*

सर्किट हाउसचा फोन हा आमच्या बोर्डावरचा सगळ्यात मानी फोन. तो फक्त चपराशी उचलायचा. चपराशी कोणालाही एकच उत्तर द्यायचा, “साहब बाथरूम में हैं.” सकाळी, दुपारी, संध्याकाळी. कोणते साहेब उतरलेत हे विचारायचीही सोय नाही. दुर्गाताई म्हणायच्या, इतकी स्वच्छ माणसं दुसऱ्या कोणत्या जिल्ह्यात नसतील!

चपराशी नसला तर फोन वाजत राहायचा. एकदा मी अर्जंट कॉलसाठी इतका वेळ घंटी दिली की माझा अंगठा बधिर झाला. कोणी उचलला नाही. नंतर आमचा लाइनमन आला. तो तिथंच खिडकीबाहेर खांबावर चढलेला होता. म्हणाला, “साहेब होते ना! फोनच्या बाजूलेच बसले होते, पेपर वाचत.”

“मग उचलला का नाही?”

“कसे उचलतील? ओरडून राह्यले होते, ‘अरे कोई है? फोन बज रहा है!’”

तेव्हा मला कळलं, की मोठा माणूस कसा ओळखायचा. हाताशी फोन वाजतोय, आणि हात हलत नाही.

*

आणि त्याच सर्किट हाउसला एके दिवशी मुंबईहून ट्रंक कॉल आला. पी.पी. कॉल. म्हणजे ठरावीक माणसाशीच बोलायचं. आणि त्यासाठी ‘कोण बोलतंय’ हे आम्ही विचारल्याशिवाय जोडायचा नाही, हा तिवारीजींचा कडक नियम. मी विचारलं. पलीकडून सेक्रेटरीनं ज्या हिरोचं नाव घेतलं, ते मी इथं घेत नाही. तुमच्यापैकी निम्म्या जणींच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून त्याचा फोटो चिकटवलेला आहे, एवढं पुरे. बैहरच्या जंगलात शूटिंगसाठी जागा बघायला येणार, आणि वाटेत दुपारचं जेवण बालाघाटला!

तिवारीजींनी आम्हाला ओळीनं उभं केलं. “यह बात इस कमरे से बाहर नहीं जानी चाहिए.” मग ज्या भोकात ती कॉर्ड खोचली होती, त्याच्याभोवती कुंकू लावलं. संध्याकाळी मी घरी निघाले तर पानवाला विचारतो, “बहनजी, वो अकेले आ रहे हैं कि हिरोइन भी?”

मी प्रत्येकाचा संशय घेतला. लाइनमनचा, झाडूवालीचा, दुर्गाताईंचा तर आधी. त्यांनी त्याचा एकेक सिनेमा इतक्यांदा पाहिलेला, की टॉकीजवाला त्यांना बघून पंखा लावायचा. नंतर पानवाल्यानंच सांगितलं, “तिवारीजी दोपहर को आए थे ना. बोले, ‘मैं किसी को नहीं बताऊँगा कि कौन आ रहा है!’”

*

आता तो दिवस.

सकाळपासून बोर्डावर झाकण्या पावसासारख्या पडत होत्या. सगळ्यांचा एकच प्रश्न, “आला का?” जे ‘हं’च्या पुढे कधी गेले नव्हते, तेसुद्धा मला “बहनजी” म्हणत होते. मग जीपगाड्या आल्याची आवई उठली आणि एकाएकी बोर्ड मुका झाला. एक झाकणी पडेना. शाळा सुटल्या, कचेऱ्या रिकाम्या झाल्या, तिवारीजी “लाइन चेक करके आता हूँ” म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून गेले, लाइनमन त्यांच्या मागं. राहिलो आम्ही दोघी.

दुर्गाताई का राहिल्या? मी हजारदा म्हटलं, तुम्ही जा, मी सांभाळते. “तू घाबरशील,” एवढंच म्हणून त्या विणत बसल्या. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. मला वाटलं, तिवारीजींनी माझ्यावर लक्ष ठेवायला बसवलंय.

तेवढ्यात परसवाड्याची झाकणी पडली. सकाळची टेस्ट तर कधीच झाली होती.

“नंबर प्लीज.”

“ताई—”

मी थरारले. नमस्कार नाही! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा नमस्कार नाही.

“ताई, घरची बाई अडली आहे. पहाटेपासून. सुईणबाईनं हात टेकले. म्हणते, डॉक्टर आणा, नाही तर... ताई, इथं गाडी नाही, बस सायंकाळी. डॉक्टरीणबाईले जीप घेऊन येता येईल का, एवढं विचारून द्या ना. मी तुमाले कधी काही मागितलं नाही.”

मागितलं. शेवटी मागितलं.

गावात बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई एकच. बाई चांगली, खेड्यात जायला कधी नाही म्हणत नसे. मी घरी घंटी दिली. मोलकरणीनं उचलला. “बाई सर्किट हाउसले जेवाले गेल्या. साहेबलोकायसंगं. जीपनंच गेल्या.”

मी सर्किट हाउसला कॉर्ड खोचली आणि घंटी दिली. वाजतेय, वाजतेय. कोणी उचलेना.

क्लब लावला, क्लबचा चौकीदार म्हणाला, “सब उधर गए.” पोलीस चौकी लावली, “सब बंदोबस्त में हैं.” त्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर लावला. आयुष्यात पहिल्यांदा मला “ए एक्सचेंज” ऐकायचं होतं. तिथं फक्त पोपट ओरडत होता.

“ताई, आहात ना?” परसवाडा.

“आहे. लाइन सोडू नका, रंगारीबाबू.”

दुर्गाताई उठल्या. “मी पळत जाऊ का?” सर्किट हाउस गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि त्यांचे गुडघे म्हणजे! आणि बघा माझं मन. त्या क्षणीसुद्धा मनात आलंच, हिला हिरो बघायचाय.

एकाच पायात चप्पल घातलेल्या त्या तशाच थांबल्या. “नको. मी पोचेपर्यंत उशीर होईल, आणि त्या गर्दीत मला आत कोण सोडणार? तू वाजवत राहा. थांबू नकोस.” त्यांनी दुसरा हेडसेट घेतला, रुमाल गुंडाळला आणि माझ्याच लाइनवर कान लावून बसल्या.

मी वाजवत राहिले. डोळ्यांसमोर ते जेवणाचं टेबल दिसत होतं. सगळे साहेब, सगळ्या मेमसाहेब, मध्ये तो, आणि कोपऱ्यात तिपाईवर वाजणारा फोन. चपराशी कुठं असणार? हार घेऊन फाटकावर! आणि त्याच्याशिवाय त्या खोलीत एकाचाही हात फोनसाठी बनलेला नव्हता. एकमेकांकडे बघून म्हणत असतील, ‘अरे कोई है?’

“ताई...” परसवाड्याचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. मागून कोणीतरी बाई विव्हळत होती, की वारा होता तारेवरचा, कोण जाणे.

“वाजतोय, बाबू. वाजतोय.”

अंगठा बधिर झाला. मी दुसरा लावला. दुर्गाताईंनी माझा खांदा धरला होता.

खट्!

कोणीतरी रिसीव्हर उचलला. आधी नुसता गोंगाट आला. खिडकीबाहेरच्या गर्दीचा, त्याचं नाव घेऊन आरोळ्या मारणाऱ्या शेकडो गळ्यांचा. मग त्या गोंगाटाच्या अलीकडे, अगदी माझ्या कानापाशी, एक आवाज.

“नमस्ते बहनजी. कहिए.”

सर्किट हाउसमधून नमस्ते! मी उडालेच. जे तोंडाला आलं ते हिंदीत, मराठीत ओतलं. परसवाडा, बाळंतीण, अडलीय, डॉक्टरीणबाई, जीप.

“डॉक्टर साहिबा यहीं सामने बैठी हैं. अभी उठाता हूँ. जीप आगे लगी है, मैं भीड़ हटवाता हूँ. आप उनसे कह दीजिए, घबराएँ नहीं, गाड़ी निकल रही है.”

शेजारी काहीतरी हललं. मी वळून पाहिलं. दुर्गाताईंच्या कानावरचा रुमाल गळून मांडीवर आला होता. दोन्ही हातांनी टेबल धरून, तोंड उघडं टाकून त्या माझ्याकडे बघत होत्या. मान नाही-नाही अशी हलत होती आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या, वांगं न खाता!

पण नियम म्हणजे नियम. कोणाचाही भरवसा धरायचा नाही, आणि नाव विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. मी आवाज कडक केला.

“आप कौन बोल रहे हैं?”

पलीकडे जरासं हसू आलं.

“इस वक्त तो चपरासी समझ लीजिए, बहनजी. घंटी कब से बज रही थी, कोई उठा ही नहीं रहा था.”